गाढवाला दव लागू नये म्हणून

एमिली पुन्हा मागच्या शेडमध्ये गेली होती. ओट्याशी उभ्याउभ्या भाजी निवडताना मान जरा तिरकी केली की रोशनीला शेडचं अर्धं दार दिसायचं. त्या अर्ध्या दारातून एमिलीची पाठ, तिच्या दोन वेण्या आणि लिडियाचा एक गुडघा. बाकी काही दिसत नसे, पण रोशनीला तेवढंही पुरायचं. गुडघा हलला की लिडिया हसली. वेण्या हलल्या की एमिली काहीतरी सांगतेय. काय सांगतेय ते मात्र ऐकू येत नसे, आणि खरा जाच तोच होता.

सासरे होते तेव्हा त्या शेडमध्ये केळीचे घड उतरवून ठेवत. आता तिथे एक गाढव उभं होतं.

गाढव लिडियाने केलं होतं. लिडिया म्हणजे रोनाल्डची धाकटी बहीण, रोशनीची नणंद. नायगावला मालिकांचे सेट उभे राहतात, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये तिने काही वर्षं काम केलं. नकली झाडं, नकली दगड, राक्षसांची मुंडकी. मालिका बंद पडली, वर्कशॉपवाल्याने माणसं कमी केली, आणि लिडिया पावसाळ्यात दोन बॅगा आणि रंगांचं एक खोकं घेऊन गास गावातल्या घरी आली ती राहिलीच. आल्यापासून घरात तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आळीच्या नाताळ गोठ्यासाठी गाढव करायचं, आणि ते टिकवायचं.

टिकवायचं, कारण गेल्या वर्षीचा उंट टिकला नव्हता. तो तिने सुट्टीत येऊन घाईघाईत केला होता. आळीचा गोठा दरवर्षी बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर मांडतात. जागा देखणी, पाण्यात दिव्यांची आरास दिसते. पण डिसेंबरात त्या पाण्यावरून असं दव उठतं की सकाळी मांडवाचं कापड पिळून घ्यावं. उंटावर रबराचं नुसतं कातडं होतं, वर काही नव्हतं. दिवसा ऊन, रात्री दव. नाताळ सरेपर्यंत तो चिकट झाला, त्याचं नाक खाली आलं, मानेवर काळे ठिपके उठले, आणि पास्कल काकांच्या कोंबड्यांची पिसं त्याच्या पाठीला जी चिकटली ती निघेनात. लोक मुलांना घेऊन उंट बघायला यायचे ते हसायला. तेव्हा रोशनीने लिडियाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी." आणि घरी येऊन रोनाल्डच्या पाठीमागे उशीत तोंड खुपसून ती पोटभर हसली होती.

यंदा हसू येत नव्हतं. यंदा एमिली त्या शेडमध्ये होती.

"मम्मा, आतू म्हणते गाढवाचे कान आधी हलतात, मग डोळे." "मम्मा, आतू म्हणते रबर झाडातून येतं, दुधासारखं." "मम्मा, आतू म्हणते तू पण पूर्वी चित्रं काढायचीस, मग का नाही काढत?" सकाळी दात घासताना आतू म्हणते, जेवताना आतू म्हणते, झोपताना डोळे मिटता मिटता आतू म्हणते. नाताळआधीचा आगमनकाळ सुरू झाला की रोशनी दरवर्षी घरच्या गोठ्यासाठी बशीत नाचणी पेरायची, आणि मायलेकी रोज सकाळी तिच्यावर पाणी शिंपडायच्या. अंकुर फुटले की एमिली बशीला नाक लावून वास घ्यायची. यंदा बशी खिडकीत एकटी होती. रोशनीने दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा तिचं तिने पाणी घातलं आणि बशी जरा आदळूनच ठेवली.

"काय पडलं गं?" बाहेरून सासूने, तेरेसाने विचारलं.

"काही नाही आई. बशी."

"फुटली का?"

"फुटली नाही."

"मग आदळायची कशाला," सासू म्हणाली, आणि लसूण सोलत राहिली.

शेडचं काम बघण्यासारखं होतं, हे रोशनी मनातल्या मनातसुद्धा मान्य करत नसे, पण बघायची मात्र बारकाईने. खुराड्याच्या जाळीचा सांगाडा, त्यावर फोम कापून चिकटवलेला, आणि त्या फोमवर रबराच्या दुधाचे हात. एक हात स्पंजने थापायचा, तो पांढऱ्याचा पारदर्शक पिवळट झाला की मगच दुसरा. मध्येच घाई केली तर आत पाणी कोंडतं आणि कातडं पुढे पांढरं पडतं. पूर्ण वाळलं की अंगभर टाल्कम पावडर, नाहीतर रबर रबराला धरून बसतं. ही पावडर लावायचं काम एमिलीचं. मोठ्या मऊ ब्रशने ती गाढवाच्या पोटाला, पायांना पावडर लावायची, आणि संध्याकाळी घरात यायची ती स्वतःच पिठाच्या डब्यातून निघाल्यासारखी.

सगळ्यात शेवटी वरून कोट. लिडियाचं खरं डोकं त्यातच लागलं होतं. उरलेल्या कातड्याचे तुकडे कापून तिने कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी टांगून ठेवले होते, रोशनीच्या गाऊनच्या आणि एमिलीच्या फ्रॉकच्या रांगेत. एक कोरा. एकाला होडीला लावतात ते व्हार्निश, अर्नाळ्याच्या कुणाकडून आणलेलं. एकाला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ॲक्रिलिकचा हात. रोज उठून ती तुकडे वाकवून बघायची. कोरा चिकटायला लागला. व्हार्निशवाला आधी चकाकला, मग वाकवल्यावर त्याला अशा भेगा गेल्या की आतलं रबर उघडं पडलं. गच्चीवाला तेवढा मुकाट वाकला आणि सरळ झाला. लिडियाने त्यावर तांब्याने पाणी ओतलं. थेंब मोत्यांसारखे घरंगळले. एमिलीने टाळ्या वाजवल्या.

"लिडिया, गेल्या वर्षी तुझ्या उंटाला ताप आला होता," कुंपणापलीकडून पास्कल काका म्हणाले. आळीच्या गोठ्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "या गाढवाला वेळेवर लस टोच."

"टोचते काका. तुमच्या कोंबड्या तेवढ्या बांधून ठेवा."

"त्या यंदा येणार नाहीत. त्यांना उंटच आवडायचा."

सगळे हसले. एमिली सगळ्यात जास्त हसली, तिला किती कळलं कोण जाणे. रोशनी दोरीवरचे कपडे काढत होती. तिने तो कोरा तुकडा चिमट्यासकट ओढला आणि हातात आला म्हणून पुन्हा लावून ठेवला.

एमिलीची छाती नाजूक. मागच्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, आणि रोशनी कॉटच्या कडेला बसून प्रत्येक श्वासाबरोबर स्वतःचा श्वास धरायची. रोशनी मायक्रोबायोलॉजीची पदवीधर. वसईत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. त्या दवाखान्यातून घरी आल्यावर तिने लॅबला फोन करून सांगितलं, आता नाही जमणार. तेव्हापासून एक नेम होता. दिवे लागायच्या आधी एमिलीला घरात घ्यायचं, खोबरेल तेल कापूर घालून कोमट करायचं आणि लावायचं. छातीवर, कानांच्या मागे, नाकपुड्यांच्या कडांना आणि तळपायांना. मग मोजे, मग कानटोपी. एवढं केलं की रोशनीला वाटायचं, दार लागलं. आता आत काही शिरणार नाही.

त्या दिवशी एमिलीने छाती मागे घेतली.

"नको. चिकट होतं."

"रोजच होतं."

"आतू म्हणते तेलाचा हात गाढवाला लावायचा नाही. मला उद्या परत जायचंय पावडर लावायला."

रोशनी तेलाची वाटी हातात घेऊन तशीच शेडकडे गेली. लिडिया जमिनीवर मांडी घालून गाढवाच्या खुराला रंग देत होती. रबराच्या दुधातल्या अमोनियाचा उग्र वास भरून राहिला होता.

"लिडिया, माझ्या मुलीचे हात घाण आहेत का?"

लिडियाने वर बघितलं. तिच्या भुवईला राखाडी रंग लागला होता. "कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस. तेलाचे हात लावू नको म्हणून."

"अगं वहिनी, घाण नाही. रबराला तेल चालत नाही. तेल खातं त्याला. फुगतं, मऊ पडतं, मग सालपट निघतं. वरचा कोट झाला की मग काय हवं ते लावू दे तिला. अजून कोरं आहे ते." आणि मग अगदी सहज, "तुला तर माहीत असेल, लॅबमध्ये हातमोजे घालायचात ना तुम्ही."

रोशनीला माहीत होतं. हाताला क्रीम लावून मोजे घालू नका, मोजा विरतो, हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं. पण आपल्याला माहीत असलेली गोष्ट लिडियाने आपल्यालाच सांगावी, आणि तीही भुवईला रंग फासून, खाली बसून, इतकी निवांत, याने तिच्या मस्तकाला झिणझिण्या आल्या.

"आणि हा वास? तिच्या छातीला चालतो का हा वास?"

"रबराचा हात देते तेव्हा तिला आत येऊच देत नाही गं. विचार तिला. मोकळ्या हवेत बसवते, कोरडं झाल्यावर बोलावते."

हेही खरं होतं. रोशनीने खिडकीतून पाहिलं होतं. लिडिया सगळं बरोबर करत होती, आणि तिच्या हातून एक चूक होईल म्हणून रोशनी महिनाभर टपून बसली होती.

रात्री रोनाल्डला तिने सांगायचा प्रयत्न केला. "तुझी बहीण माझ्या मुलीला माझ्याविरुद्ध शिकवते."

"काय शिकवते?"

"तेल लावून घेऊ नको म्हणून."

"मला पण लहानपणी आवडायचं नाही तेल," रोनाल्ड म्हणाला, आणि कुशीवर वळला. या घरात सगळ्यांचं कूळ एकच, रोशनीला वाटलं. उमेळ्याच्या माहेराहून आलेली मी एकटी.

नाताळ चार दिवसांवर आला तेव्हा गाढव रंगून तयार होतं. राखाडी अंग, पोटाशी पांढुरकं, डोळ्यांत एक दमलेला, समजूतदार भाव. बघणारा दोन मिनिटं तिथेच थांबायचा. फक्त वरचा कोट राहिला होता. तो द्यायला कोरडी हवा हवी, आणि नेमकं दोन दिवस आभाळ भरून आलं. हवा ओली, कपडेसुद्धा वाळेनात. लिडिया आत-बाहेर करत होती.

"आज नको. ओलीवर कोट दिला तर दव आतच कोंडेल. उद्या ऊन पडलं की सकाळीच देते," ती पास्कल काकांना म्हणाली. मग दिव्यांच्या माळा आणि बांबू आणायला ती त्यांच्या टेम्पोतून सोपाऱ्याला गेली. जाताना एमिलीला म्हणाली, "लक्ष ठेव गं गाढवावर. अजून अंगावर काही नाही त्याच्या."

एमिलीने ते मनाला लावून घेतलं. संध्याकाळी रोशनी तेलाची वाटी घेऊन बसली तेव्हा पोर आज गुपचूप समोर आली, फ्रॉक वर केला आणि काहीतरी विचार करत उभी राहिली. रोशनीच्या बोटांना किती दिवसांनी ती छाती अशी सैल लागली. तिला एकदम भरून आलं.

"मम्मा, तेल लावल्यावर दव कसं लागत नाही?"

"तेलावर पाणी थांबत नाही. घरंगळून जातं. आत शिरत नाही."

"आतूच्या त्या तुकड्यावर जातं तसं?"

"त्याहून चांगलं," रोशनी म्हणाली.

"आतू म्हणते गाढवाला तेल चालत नाही."

"आतूला सगळं कळतं असं नाही. मम्मा कॉलेजात हेच शिकली."

एमिलीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. एका बाजूला आतू, एका बाजूला मम्मा. त्या एवढ्याशा कपाळात चाललेला तराजू रोशनीला स्पष्ट दिसत होता. श्वास धरून ती पारडं कुठे जातं ते बघत होती.

"म्हणजे तेल लावलं की कुणाला दव लागत नाही? कुणालाही?"

तिथे थांबता आलं असतं. गाढवाला नाही गं, गाढव रबराचं आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? रोशनीने कानांमागे बोटं फिरवली, तळपायांना तेल चोळलं.

"कुणालाही," ती म्हणाली.

मग ती चपात्या लाटायला आत गेली. वाटी खाली ओसरीवरच राहिली. नंतर बघितली तर रिकामी होती. सासूने गुडघ्यांना लावलं असेल, असं तिला वाटलं, आणि त्या रात्री तिला कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

सकाळी लख्ख ऊन पडलं. लिडियाची हाक ऐकू आली ती हाक नव्हतीच. नुसतं, "आई." रोशनी चहाचं आधण तसंच टाकून धावली. तेरेसा आधीच दारात उभी होती.

गाढवाला काहीतरी झालं होतं. छातीवर कातडं फुगून आलं होतं, भाजल्यावर फोड येतो तसं. तिथला राखाडी रंग सुरकुतून घसरला होता. लिडियाने बोट लावलं आणि बोटाबरोबर एक लिबलिबीत पापुद्रा निघून आला.

"माझंच चुकलं," लिडिया म्हणत होती, कुणालाच नाही. "दूध जुनं होतं. नाहीतर मी रंगात जास्त मिसळलं. नाहीतर दव... पण दव असं ठिकठिकाणी कसं लागेल? पाठ बघा, पाठीला काही नाही. पोटाला काही नाही."

"बघू, कुठे कुठे गेलंय?" सासू पुढे झाली.

"छाती. हे बघ, कानांच्या मागे. फक्त मागे. आणि नाकपुड्या. आणि खुरांना खालून, हे कसं? खालून कसं जाईल?"

रोशनीने मनात त्या जागा मोजल्या.

छाती. कानांच्या मागे. नाकपुड्यांच्या कडा. तळपाय.

जगात एकाच माणसाला ही यादी कळली असती. लिडिया गाढवाभोवती गुडघ्यांवर फिरत होती, वास घेत होती, डोळे बारीक करून बघत होती, आणि तिला काही उमगत नव्हतं. कापराचा वास अमोनियाने गिळला होता. कोपऱ्यात एमिलीचं न्हाणीतलं लाल स्टूल होतं, त्यावर उभं राहिलं की कान हाताला येतात.

रोशनी घरात परतली. एमिली पलंगावर उठून बसली होती, कानटोपी एका डोळ्यावर आलेली.

"मम्मा, ऊन पडलं?"

"पडलं."

"गाढवाला रात्री दव लागलं नाही ना?" आणि मग आवाज खाली आणून, गुपित सांगावं तसं, "मी त्याला तेल लावलं. सगळीकडे, तू मला लावतेस तिथे तिथे. आतू नाही म्हणाली होती, पण तू म्हणालीस ना. मी तुझं ऐकलं."

मी तुझं ऐकलं. महिनाभर ज्या तीन शब्दांसाठी रोशनी खिडकीशी उभी राहिली, ते शब्द. आणि खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिला झाला तो आनंदच होता. निखळ आनंद. मागच्या शेडमध्ये लिडिया गुडघ्यांवर बसली होती आणि इथे एमिली तिच्या मम्माची होती, शेवटच्या थेंबापर्यंत तिचीच. तो आनंद एक क्षण टिकला, पण टिकला.

मग तिने हिशेब केला, आणि तो फार सोपा होता. लिडियाला स्वतःचीच चूक वाटतेय. वाटू दे. रबर जुनं होतं. यंदा गाढव नाही. पास्कल काका चार दिवस चेष्टा करतील, मग विसरतील. लिडिया कदाचित शेडला कुलूप लावेल. एमिली सकाळी बशीतल्या नाचणीवर पाणी शिंपडेल. फक्त एवढंच म्हणायचं, एमिली, हे कुणाला सांगायचं नाही. पोर ऐकेल. आता तर नक्की ऐकेल.

"एमिली," ती म्हणाली.

"काय?"

एमिली तोंड वर करून बघत होती, जे सांगशील ते करते अशा चेहऱ्याने. त्या चेहऱ्यानेच रोशनीची जीभ अडकली. थोड्या वेळाने हीच पोर शेडमध्ये धावत जाईल. ते फोड बघेल. हुशार आहे, जागा ओळखेल, तिच्याइतक्या त्या जागा कुणाच्या ओळखीच्या आहेत? आणि मग तोंड मिटून राहील, मम्माने सांगितलं म्हणून, आतूकडे न बघता. नाताळभर. त्याच्यापुढेही.

"चल," रोशनी म्हणाली. "आपल्याला आतूकडे जायचंय."

तिने एमिलीला कडेवर घेतलं. या वयाला कडेवर घ्यायची गरज नव्हती, पण घेतलं. शेडमध्ये आता पास्कल काकाही आले होते, पहिल्यांदाच गप्प. एमिलीने गाढवाकडे पाहिलं. रोशनीला तिचा श्वास थांबलेला अंगावर कळला.

"लिडिया, ते तेल आहे," रोशनी म्हणाली. "खोबरेल. कापराचं."

लिडिया वळली. तिची नजर आधी एमिलीवर गेली.

"तिच्याकडे बघू नको. लावलं तिने, पण मी सांगितलं म्हणून. तिने मला विचारलं होतं, कुणालाही चालतं का. मी चालतं म्हटलं."

"तुला माहीत होतं," लिडिया म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"हो."

"मी सांगितलं होतं तुला. इथेच."

"त्याच्या आधीपासून माहीत होतं."

पास्कल काका बांबूंकडे निघून गेले. तेरेसा घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटली, ते रोशनीला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

रोशनीने एमिलीला खाली ठेवलं आणि तिच्यापुढे बसली. याहून अवघड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. "एमिली, आतूचं बरोबर होतं. रबराला तेल लावायचं नाही. मी तुला खोटं सांगितलं. तू चुकली नाहीस. मी चुकले."

एमिली रडली नाही. तिने मम्माकडे असं पाहिलं की जणू खिडकीतली बशी बोलायला लागली आहे. मग हळूच मागे सरकली, लिडियाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली आणि तिच्या कुर्त्याची कड मुठीत धरली. रोशनीने ती मूठ पाहिली. पाहावीच लागली.

लिडियाने कटर उचलला, गाढवाच्या छातीवरचा फोड सरळ रेषेत कापला, सगळं सडलेलं कातडं सोलून काढलं आणि खालचा फोम दाबून बघितला. बोटांना तेल लागलं.

"फोमपण बदलावा लागेल," ती म्हणाली. "भांडी घासायचा साबण, कोमट पाणी. कडांचं सगळं तेल निघायला हवं, नाहीतर नवीन दूध धरणार नाही." आणि मग, मान वर न करता, "तुझा केसांचा ड्रायर आहे ना?"

"आहे."

"आण. गार हवेवर. आज तूच धरून बसणार आहेस, हात मोडेपर्यंत."

रोशनी बसली. लिडिया पातळ हात द्यायची, आणि ती ओली पांढरी छाती हळूहळू पिवळट पारदर्शक होईपर्यंत रोशनी ड्रायर फिरवत राहायची. दूध उघडलं की एमिलीला अंगणात पाठवायचं, वास विरला की बोलवायचं. हे आता दोघी मिळून करत होत्या, एकमेकींशी अवाक्षर न बोलता. दुपारी एकदा लिडिया म्हणाली, "अजून जवळ नको धरू, सुरकुती येईल." तेवढंच. एमिली पावडरचा ब्रश घेऊन आली तेव्हा ती आतूच्या बाजूने बसली. मम्माच्या बाजूची पावडर राहिली. रोशनीने ती स्वतः लावली, आणि तिच्या लक्षात आलं की हे काम किती छान आहे, आणि आपल्याला यात कुणीच बोलावलं नव्हतं, आणि आपणही कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत रंग झाला. दुसऱ्या दिवशी, उन्हात, वरचा कोट. लिडियाने तो रुंद ब्रशने सावकाश दिला, शिवणींवर दोनदा, खुरांना खालूनसुद्धा, जिथून ओल वर चढते. दुपारभर गाढव अंगणात वाळत उभं राहिलं. बारकाईने पाहिलं तर छातीचा राखाडी बाकीपेक्षा किंचित गडद होता. पास्कल काका म्हणाले, "बरं दिसतं. लांबून चालत आलंय, घाम येणारच." मग त्यांनी आणि रोनाल्डने ते उचलून बावखलाच्या काठी नेलं.

चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साच्या आधी आळीतली मुलं गोठ्याशी जमली. पाण्यावरून दव उठायला लागलं होतं. गाढवाच्या पाठीवर बारीक थेंब धरले, मोठे झाले आणि घरंगळले.

"आतू, बघ. पळतंय पाणी," एमिली ओरडली.

आतू, बघ. रोशनी चार पावलांवर उभी होती, कानटोपी आणि शाल हातात घेऊन. जुनी कळ नेमकी जुन्या जागी उठली. तिला वाटलं होतं ती आता उठणार नाही. पण ती उठली, आणि रोशनी तिच्यासकट तिथेच उभी राहिली. लिडियाने मागे वळून पाहिलं, हसली नाही, पण जरा बाजूला सरकली, एका माणसापुरती.

मिस्साला निघण्याआधी एमिलीला तयार करायचं होतं. घरात आल्यावर रोशनीने तेल कोमट केलं, वाटी आणून ठेवली, आणि पोरीला हाक मारावी की नाही ते तिला कळेना. एमिली आपणच आली. वाटीकडे बघत उभी राहिली.

"मम्मा, खरं सांग. तेल लावल्यावर मला दव लागत नाही?"

रोशनीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, वर्षभर पाठ झालेलं. तिने ते गिळलं.

"मला नक्की माहीत नाही. डॉक्टर म्हणतात औषध वेळेवर घ्यायचं आणि गारठ्यात फार फिरायचं नाही. तेलाचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. लावलं की मला बरं वाटतं, म्हणून लावते."

"तुला बरं वाटतं?"

"हो. मला."

एमिलीने यावर विचार केला. कपाळात तोच तराजू. मग तिने फ्रॉक वर केला.

"लाव. पण हातांना नको," ती म्हणाली. "मला नंतर गाढवाला हात लावायचाय."